तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बग्गीत कोण होतं?

‘स्वातंत्र्यसैनिक आणि दहशतवादी यांत फरक तो काय?’ पुन्हा विचारलंत. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तसं नाही हो. माणूस कशासाठी लढतो हा एक प्रश्न, वार कोणावर करतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका होत नाही.

यावर लगेच भगतसिंगांचं नाव येतं. ते प्रकरण सोपं आहे. ८ एप्रिल १९२९, दिल्लीची असेंब्ली: बॉम्ब माणसं नसलेल्या जागी टाकले, पत्रकं उधळली, जागेवरच अटक करवून घेतली. कोणी मेलं नाही. अवघड प्रकरण हवं तर बिहारमधलं मुझफ्फरपूर घ्या.

किंग्जफर्ड हा कलकत्त्याचा मॅजिस्ट्रेट. सुशील सेन या पोरवयातल्या मुलाला त्यानं फटक्यांची शिक्षा दिली होती. म्हणून बंगालच्या क्रांतिकारकांनी आधी कायद्याचं जाडजूड पुस्तक पोखरून त्यात त्याला बॉम्ब पाठवला. त्यानं ते उघडलंच नाही. मग त्याची मुझफ्फरपूरला बदली झाली. त्यांच्यातले खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी तिथे गेले. तो क्लबातून कधी निघतो, कोणत्या बग्गीतून जातो, यावर त्यांनी पाळत ठेवली. ३० एप्रिल १९०८, रात्री साडेआठचा सुमार. बग्गी आली, बॉम्ब पडला. ती त्याच्या बग्गीसारखी दिसणारी दुसरीच बग्गी होती. आत बॅरिस्टर केनेडींची पत्नी आणि मुलगी. दोघीही गेल्या.

चूक इथे आहे: खूण माणसाची नव्हती, गाडीची होती. अंधारात चेहरा दिसत नाही, आणि बॉम्बला तर तो लागतही नाही. पिस्तुलानं हा प्रश्न सुटतो असंही नाही. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी भगतसिंग आणि साथीदारांना हवा होता पोलीस अधिकारी स्कॉट, मेला दुसराच अधिकारी साँडर्स. पाठलाग करणारा हवालदार चननसिंगही मेला, हे आपल्याकडे कमीच सांगतात.

मग खुदीराम दहशतवादी? मी नाही म्हणतो. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीच्या फलाटावर कोण उभं आहे यानं मारेकऱ्यांना फरकच पडत नव्हता. कोणीही चाललं असतं. मुझफ्फरपुरात एकच माणूस हवा होता, त्याच्या कृत्यासाठी. त्या दोघी मराव्यात असं कोणाला वाटत नव्हतं.

पूर्वी मी इथेच थांबत असे. पण ‘हेतू तसा नव्हता’ हे केनेडींना कोणत्या तोंडानं सांगायचं? पुढे आणखी अडचण. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला प्रोटोकॉल, म्हणजे पुरवणी करार, वसाहतवादाविरुद्धच्या लढ्याला युद्धाचा दर्जा देतो, पण नागरिकांवर हल्ला करू देत नाही. आणि त्या नियमानं न्यायाधीशही नागरिकच. म्हणजे बग्गी बरोबर असती तरी प्रश्न उरतोच. भारतानं हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. भारतानंच १९९६ साली संयुक्त राष्ट्रांत मांडलेला दहशतवादविरोधी कराराचा मसुदा याच वादात अडकला: मुक्तिलढा कुठे संपतो, दहशतवाद कुठे सुरू होतो.

हा गोंधळ आजचा नाही. याच बॉम्बवर टिळकांनी ‘केसरी’त लिहिलं, कृत्याला दुर्दैव म्हटलं आणि दोष सरकारच्या दडपशाहीला दिला. त्यापायी सहा वर्षं मंडाले.

११ ऑगस्टला, फाशीच्या दिवशी, खुदीरामांच्या फोटोला हार जरूर घाला, फक्त भाषणातून त्या मायलेकी गाळू नका. आणि किंग्जफर्डला मारणं योग्य ठरलं असतं का, हे मला विचारू नका. कधी हो वाटतं, कधी नाही.