तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॉयेजर अजून चालतंय कसं?

सोलापुरात आकाशाच्या गप्पा निघाल्या की हे दोन प्रश्न हमखास येतात: १९७७ साली नासानं सोडलेली व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही यानं अजून चालतात कशी, आणि त्यांना सौरपॅनल का नाहीत? आपल्या इथलं मे महिन्यातलं ऊन सोसणाऱ्याला दुसरा प्रश्न पडणारच. पण व्हॉयेजर-१ जिथं पोचलंय तिथं पृथ्वीवरच्या उन्हाचा पंचवीस हजारावा भागही पोचत नाही. म्हणून दोन्ही यानांवर प्रत्येकी तीन अणुविद्युत जनित्रं आहेत. प्लुटोनियम-२३८ आपोआप तापत राहतं आणि त्या उष्णतेची थेट वीज होते. जनित्रात फिरणारा एकही भाग नाही. सुरुवातीला यानाला सुमारे ४७० वॅट मिळत. त्यातले दरवर्षी साधारण चार वॅट कमी होत जातात.

यानाचं आयुष्य ठरतं ते या चार वॅटवर. व्हॉयेजर-१ चे कॅमेरे १९९० मध्येच बंद केले. पुढं एकेक करून हीटर आणि उपकरणंही बंद केली. वैश्विक किरण मोजणारं उपकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. मला यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं ते हीटरचं, कारण हायड्राझिन हे इंधन थंडीत गोठतं. २०२४ मध्ये तर पेच दुहेरी होता. इंधनटाकीतल्या रबरी पडद्यातून वयोमानानं सिलिकॉन डायऑक्साइड सुटतो. त्यानं थ्रस्टरची, म्हणजे यानाची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनाची, पाव मिलिमीटरची नळी ०.०३५ मिलिमीटरवर आली होती. दुसऱ्या थ्रस्टरवर जायचं, तर ते गारठलेले. गार थ्रस्टर चालवले तर बिघडण्याची भीती, आणि तापवायला वीज शिल्लक नाही. शेवटी यानाचा एक मुख्य हीटर तासभर बंद ठेवून ती वीज थ्रस्टरच्या हीटरला दिली. ऑगस्टअखेर ते दुसरे थ्रस्टर कामाला लागले. व्हॉयेजर-१ ला पाठवलेल्या आज्ञेचं उत्तर यायला जवळपास दोन दिवस लागतात, त्यामुळे असं प्रत्येक पाऊल आधी कागदावर तपासावं लागतं.

व्हॉयेजर-२ चं दुखणं निराळं. पृथ्वीवरच्या आज्ञा ऐकणारा त्याचा मुख्य रिसीव्हर एप्रिल १९७८ मध्ये बिघडला. राखीव रिसीव्हरमधला कपॅसिटर हा एक छोटा विद्युत भाग निकामी असल्यानं येणाऱ्या लहरीची वारंवारता बदलली की त्याला ती पकडून ठेवता येत नाही. त्याला ऐकू येणारा वारंवारतेचा पट्टा अगदी अरुंद आहे आणि तापमानाबरोबर तोही सरकतो. म्हणून पृथ्वीवरूनच, यानाचा वेग, पृथ्वीचं फिरणं आणि रिसीव्हरचं तापमान हिशेबात धरून, वारंवारता सतत बदलत आज्ञा पाठवतात. हे काम फक्त ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळची ७० मीटरची अँटेना करू शकते, कारण यान खूप दक्षिणेला आहे. स्पेन आणि कॅलिफोर्नियातून ते क्षितिजाखालीच राहतं.

सोलापुरातून मात्र ती दिशा दिसते. सप्टेंबरच्या मध्यावर, ढग नसतील तर, रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला बघा. क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर, मयूर तारकासमूहात व्हॉयेजर-२ आहे. यान दुर्बिणीतूनही दिसणार नाही, जागा तेवढी कळेल.