कपाटावरचा चिकटा काढताना

साताऱ्याचं घर रिकामं केलं तेव्हा सासूबाईंचं लोखंडी कपाट आमच्याकडे नाशिकला आलं. १९८३ सालचं, हिरवट करडं, हॅमरटोन रंगाचं. या रंगात ॲल्युमिनियमची पूड असते आणि पृष्ठभागावर बारीक खळगे उमटल्यासारखे दिसतात. पत्रा जाड, रंग मूळचा, कुठे पोपडा नाही. पण दोन्ही दारं बघवत नव्हती. सेलोटेपच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, आरशाभोवती टिकल्यांची रांग, दिरांच्या शाळकरी वयातले स्टिकर, कॅलेंडरसाठी अलीकडे कुणीतरी लावलेला प्लास्टिकचा हुक आणि फेविकॉलने चिकटवलेलं औषधांचं वेळापत्रक.

भिंतींचं काम करायला आलेल्या रंगारीदादांनी एका नजरेत निकाल दिला. "ताई, थिनर मारतो, पाच मिनिटांत साफ. नाहीतर पॉलिश पेपर मारू आणि नवीन रंग देऊ." दोन्हीला मी नको म्हटलं.

थिनर म्हणजे टोल्युइन, ॲसिटोन यांसारख्या जहाल द्रावणांचं मिश्रण. डिंक विरघळतो हे खरं, पण खालच्या इनॅमललाही ते सोडत नाही. रंग आधी मऊ होतो, मग सुरकुततो, आणि फडक्याबरोबर निघून येतो. साध्या रंगाचं कपाट असतं तर ब्रशने टचअप तरी करता आलं असतं. हॅमरटोनचे खळगे ब्रशने उमटत नाहीत, ठिगळ लांबूनही कळतं. पॉलिश पेपरला नकार देण्याचं कारण वेगळं. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. त्याआधीचा रंग कोरडा घासला की ती धूळ घरभर होणार, आणि आमच्याकडे जमिनीवर खेळणारं मूल आहे.

म्हणून ठरवलं की रंगाला न दुखवता डिंकाला सोडवेल असं काहीतरी शोधायचं, आणि ते प्रत्येक डागासाठी वेगळं असेल तर वेगळं. कपाट थोडं पुढे ओढून मागच्या बाजूला, तळाच्या पट्टीवर आधी चाचणी घेतली. कापसाचा बोळा द्रावणात भिजवून अर्धा मिनिट टेकवायचा. कापसाला रंग लागला किंवा ती जागा बोटाला चिकट लागली, तर ते द्रावण बाद. खोबरेल तेल, मेडिकलमधलं स्पिरिट आणि हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन, तिन्ही पास झाली. टर्पेंटाइन हे ऑइल पेंट पातळ करण्यासाठीच वापरतात, त्यामुळे मला त्याचीच भीती होती. पण पूर्ण वाळून मुरलेल्या इनॅमलला त्याचा थोडा वेळचा स्पर्श चालतो. नुकत्याच रंगवलेल्या दारावर मात्र ते लावायला मी धजणार नाही.

सगळ्यात सोपं निघालं वेळापत्रक. फेविकॉल वाळला तरी पाण्याने परत मऊ पडतो. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर, ताप आल्यावर कपाळावर घडी ठेवतात तसं ठेवलं आणि अधूनमधून बदललं. कागद आधी निघाला, मग डिंक पांढरा होऊन साय धरल्यासारखा सुटला. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो अलगद लोटला.

खरी परीक्षा सेलोटेपची. जुन्या सेलोटेपचा डिंक रबर आणि राळ यांचा असतो. हवेने आणि उन्हाने तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो, आणि शेवटी पारदर्शक पट्टी वाळक्या पाल्यासारखी गळून पडते. मागे राहतं ते काचेसारखं कडक पुटं. "खोबरेल लाव गं, सगळं सुटतं," असं सासूबाई म्हणाल्या. लावलं, वर प्लास्टिकचा कागद चिकटवून रात्रभर ठेवलं. जिथे डिंक अजून थोडा लवचिक होता तिथे सकाळी तो बोटाने वळून गोळ्या होऊन निघाला. आईंचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. जिथे तो पार तपकिरी झाला होता तिथे तेलाने फक्त कडा मऊ झाल्या.

तिथे टर्पेंटाइन कामाला आलं, पण ओतून नाही. जुन्या बनियनचा तुकडा ओलसर करून पट्टीवर ठेवायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि मग फक्त वर आलेला थर पुसायचा. तुकड्याची स्वच्छ बाजू पुढे घ्यायची, नाहीतर विरघळलेला डिंक शेजारच्या रंगावर पसरतो आणि डाग वाढतो. मोह होतो तो जोर लावण्याचा. हॅमरटोनवर जोर लावून उपयोगच नाही, कारण कार्ड खळग्यांच्या माथ्यावरून सरकतं आणि डिंक तळाशी तसाच राहतो. तिथे मऊ केसांचा टूथब्रश गोल फिरवला तेव्हा एकेका खळग्यातून तपकिरी रस वर यायला लागला. थर, पुसणं, परत थर, असं चाललं. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करावं.

हिरव्या घासणीला मात्र हात लावू नका. तिच्या धाग्यांत घासून ओरखडे पाडणारी पूड असते. पांढरा 'मॅजिक' स्पंज दिसायला गरीब, पण तोही बारीक पॉलिश पेपरच आहे. डाग जातो आणि चमकही जाते.

हे सगळं करताना खिडक्या उघड्या होत्या आणि देवघरातली समई विझवलेली होती. टर्पेंटाइन आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात. वापरलेली फडकी मी गॅलरीत पसरून वाळवली, स्वयंपाकघराच्या कचऱ्यात टाकली नाहीत.

हुकाची गंमत वेगळी. त्यामागे फोमची डबल टेप होती. उचकटला असता तर रंगासकट आला असता. शिवणाचा जाड दोरा दुहेरी करून मागे घातला आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढला, फोम मधोमध कापला गेला. उरलेल्या थरावर तेल लावून पाहिलं, ढिम्म. हा डिंक ॲक्रिलिकचा, तेलाला फारशी दाद देत नाही. स्पिरिटने मात्र सुटला. स्टिकरांना हेअर ड्रायरची ऊब दिली, एका जागी न थांबवता फिरवत, आणि कोपरा धरून पृष्ठभागालगत मागे दुमडत हळूहळू ओढलं. गार स्टिकर ओढला की तुकडे पडतात, ऊबदार असला की डिंकासकट येतो. टिकल्यांनाही तेच लागू. "आमच्या वेळी मेण लावून वर कुंकू असायचं, ते नुसतं पुसलं की जायचं," अशी एक टिप्पणी मागून आलीच.

दार साबणाच्या पाण्याने पुसून तेलाचा अंश काढला. स्टिकर होते तिथला रंग गडद राहिला होता. तो डाग नव्हे, बाकीचं दार उन्हाने फिकं झालं होतं. गाडीचं वॅक्स पॉलिश सगळ्या दारावर लावल्यावर फरक बराच बुजला, पूर्ण नाही.

राहिला मुठीशेजारचा फेविक्विकचा थेंब. तो विरघळतो ॲसिटोनने, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरने, आणि ॲसिटोन मागच्या चाचणीत कापसाला हिरवं करून गेलं होतं. नखाने कड उचलते का पाहिलं, रंगासकट उचलेल असं वाटलं. तो थेंब मी तसाच ठेवलाय. रंगारीदादा परवा बिल घ्यायला आले तेव्हा त्यांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं.