हजच्या वेळा, चुका आणि त्यांची भरपाई

हजचे विधी जिल्हेज महिन्याच्या ८ ते १३ तारखांत बांधलेले आहेत. पण त्या सगळ्यांच्या वेळा सारख्याच कडक नाहीत, ही गोष्ट निघण्यापूर्वी प्रत्येक हाजीने समजून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. ती न समजल्यामुळे एखादा हाजी किरकोळ चुकीपायी रात्रभर तळमळतो, तर दुसरा ज्याची भरपाईच होत नाही ती वेळ निष्काळजीपणे दवडतो.

भरपाई नसलेली ती वेळ मक्केजवळच्या अराफात मैदानातली आहे. बहुसंख्य फकीहांच्या (इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या) मते ९ तारखेला सूर्य कलल्यापासून १० तारखेची पहाट उजाडेपर्यंत अराफातच्या हद्दीत, क्षणभर का होईना, हजर असणे हा हजचा प्राण आहे. ज्याची ही वेळ चुकली त्याचा त्या वर्षीचा हजच हुकला. त्याने उमरा (छोटी यात्रा) करून इहराम, म्हणजे यात्रेतली बंधनांची अवस्था, सोडायचा आणि फर्ज (अनिवार्य) हज पुन्हा करायचा. कितीही जनावरे कुर्बान केली तरी हा वुकूफ, म्हणजे अराफातमधले थांबणे, भरून येत नाही. म्हणून हद्दीचे फलक नीट पाहावेत, कारण नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफातच्या बाहेर, उराना खोऱ्यात येतो. हद्दीत आलेला माणूस सूर्यास्तापूर्वीच निघून गेला आणि परतला नाही, तर मात्र हनफी मतानुसार (इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेनुसार) त्याचा हज होतो. त्याच्यावर दम, म्हणजे एका बकऱ्याची कुर्बानी, वाजिब (बंधनकारक) होते.

१० तारखेला मिनामध्ये जमरतुल अकबा या सैतानाचे प्रतीक मानलेल्या स्तंभावर ७ खडे मारणे (रमी), कुर्बानी आणि केस उतरवणे ही कामे एकामागून एक येतात, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या हजमध्ये एकाने कुर्बानीपूर्वीच केस उतरवल्याचे सांगितले, दुसऱ्याने रमीपूर्वीच कुर्बानी केल्याचे सांगितले, दोघांनाही ‘आता करा, हरकत नाही’ असेच उत्तर मिळाले. इमाम शाफई आणि इमाम अहमद यांनी या हदीसवरून (प्रेषितांच्या वचनावरून) क्रम सुन्नत, म्हणजे पाळावा असा पण बंधनकारक नसलेला, मानला. इमाम अबू हनीफा यांच्या मते किरान (एकाच इहराममध्ये उमरा आणि हज) किंवा तमत्तु (आधी उमरा करून इहराम सोडून मग हज) करणाऱ्यासाठी हा क्रम वाजिब आहे आणि तो मोडल्यास दम द्यावा लागतो. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना हे मान्य नव्हते. ज्या प्रश्नावर गुरुशिष्यांत मतभेद होता, त्यावरून सोबतच्या हाजीला ‘तुझा हज वाया गेला’ असे सांगणे मला अत्यंत गैर वाटते. आपल्या मसलकच्या (पंथाच्या) जाणकार आलिमांना (धर्मपंडितांना) विचारावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागावे.

तवाफ-ए-जियारतसाठी, म्हणजे हजमधल्या काबाच्या अनिवार्य प्रदक्षिणेसाठी, हनफी मतानुसार १२ तारखेच्या सूर्यास्तापर्यंत मुदत आहे. मासिक पाळीमुळे तो लांबणीवर पडला तर त्या स्त्रीवर दम नाही. पण तवाफ मात्र करावाच लागतो.

भरपाईचेही प्रकार आहेत. आजारपणामुळे किंवा डोक्याच्या त्रासामुळे इहराममध्ये केस काढावे लागले, तर कुरआनने (२:१९६) रोजे, सदका (दान) किंवा कुर्बानी अशी मोकळीक दिली आहे. उवांनी हैराण झालेल्या काब बिन उजरा यांना प्रेषितांनी ३ रोजे, ६ गरिबांना अन्न किंवा एक बकरा, यांपैकी काहीही निवडायला सांगितले. सवलत अशी सहज असली, तरी ‘दम देऊन टाकू’ म्हणत जाणूनबुजून वाजिब सोडणे योग्य नव्हे. तिथे दमाबरोबर तौबाही (पश्चात्ताप) लागते.

तमत्तु किंवा किरानची कुर्बानी शुकराना (कृतज्ञता) म्हणून असते आणि तिचे मांस हाजी स्वतः खाऊ शकतो. चुकीबद्दलच्या दमाचे मांस मात्र त्याला खाता येत नाही, ते गरिबांचे असते. हा दम हरमच्या (मक्केभोवतीच्या पवित्र परिसराच्या) हद्दीतच द्यावा लागतो, पण त्याला तारखेचे बंधन नाही. म्हणून घरी परतल्यावर चूक लक्षात आली, तरी मक्केतील एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे पैसे पाठवून तो देता येतो.