ग्रामपुरुषाचं नाव काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या गोव्यात फोंड्याकडची देवळं बघून आलेली पाहुणेमंडळी हटकून विचारतात: मुख्य देवाच्या आजूबाजूला छोट्याशा देवळीत 'ग्रामपुरुष' म्हणून ज्याची पूजा करतात तो कोण? त्याचं नाव काय?

नाव नाही. गाव वसवणारा पहिला माणूस, फार तर पहिलं घराणं, एवढीच त्याची ओळख. आमच्या गावात तर तो नाकडोळे नसलेला, तेलाने काळा पडलेला दगड आहे. घरात लग्न ठरलं की त्याच्यापुढे नारळ-विडा ठेवायचा आणि मग पुढच्या तयारीला लागायचं.

1526 साली आफोंस मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पणजीच्या आसपासच्या तिसवाडी भागातल्या गावांचे रीतिरिवाज लिहून घेतले, तेच ते 'फोराल'. त्यात गावकरांचं मूळ सांगितलंय: फार पूर्वी चार माणसं आली, त्यांनी पडीक जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढली, आणि त्यांचा कारभार चांगला म्हणून लोक त्यांना गावकर म्हणू लागले. चार माणसं, बस्स. सरकारी कागदसुद्धा नावं सांगत नाही.

एरवी स्मारक म्हटलं की कोनशिला, तारीख आणि उद्घाटकाचं नाव मूळ माणसापेक्षा मोठ्या अक्षरात. आमच्याकडे आठवण राहिली ती मानात आणि वाट्यात. गावकरांच्या घराण्यांचे वांगड, म्हणजे गट, त्यांचा क्रम ठरलेला, आणि त्या क्रमावरून भांडणंही ठरलेली. जमीन साऱ्या गावकरांची सामाईक. शेतं खंडाने द्यायची, त्यातून गावाचा खर्च भागवायचा, आणि उरेल ते गावकरांत 'जण' म्हणून वाटायचं. पोर्तुगीजांनी याच गावकरीची कोमुनिदाद केली. आजही गोव्यात अशा 223 कोमुनिदाद आहेत.

धर्म बदलला तरी मान सुटला नाही. राय गावात 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, होतं. पाद्री शेतात येऊन नव्या भाताला आशीर्वाद देतो, पहिली कणसं कापली जातात, आणि त्या सगळ्यात गावकरांचा मान आधी. देव बदलला, पण आधी कोण याचा हिशेब तसाच राहिला, याचं मला अजून नवल वाटतं.

खाजन शेती पाहिलीत तर या मानामागचे कष्ट कळतील. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप, ठेवायची. तिची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि आतलं पाणी बाहेर सोडतात. दार कुजलं किंवा बांध फुटला की खारं पाणी शेतात घुसतं. मग कोरगुटासारखं खारं सोसणारं भातसुद्धा हाती लागेल याची खात्री नाही.

आता माझी तक्रार. हे बांध चार माणसांनी घातले नाहीत. चिखल वाहिला तो कष्टकऱ्यांनी, त्यांना ना वांगड ना जण. गावडा-कुळमी समाज गोव्यातला सगळ्यात जुना शेतकरी मानला जातो. मग त्या चौघांना सापडलेली जमीन 'पडीक' होती ती कोणाच्या लेखी? ग्रामपुरुषाला नाव नाही हे एका अर्थी बरंच आहे. नाव कोरलं असतं तर हा प्रश्न विचारायलाही जागा उरली नसती.

आणि बायका? जण मिळतो तो पुरुष वंशजाला. नव्याचा भात मी शिजवायची, देवळीपुढचा नारळ मी निवडून द्यायची, पण कोमुनिदादीच्या वहीत नाव भावाचं. गोवामुक्तीनंतर कूळ कायदा आला, शेतं कुळांकडे गेली, खंड आटला. जणाचे पैसे आता इतके किरकोळ झालेत की भाऊ ते आणायलाही जात नाही. पण वहीतून नाव काढू का, असं त्याला विचारून बघा!