सावलीवरून चंद्रविवरांची खोली: कामाची नोंद, टप्पा दुसरा

उद्दिष्ट पहिल्या टप्प्यातलंच आहे. २०० मिमी आरशाच्या डॉब्सोनियन दुर्बिणीने चंद्रावरच्या पंधरा विवरांच्या सावल्या मोजायच्या, त्यावरून खोली काढायची आणि खोली भागिले व्यास हे गुणोत्तर व्यासासमोर मांडायचं. लहान, वाटीसारख्या विवरांत हे गुणोत्तर ०.२ च्या आसपास असतं. व्यास १५ ते २० किमीच्या पुढे गेला की ते झपाट्याने घसरतं, कारण एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या भिंती चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाखाली टिकत नाहीत. त्या पायऱ्यापायऱ्यांनी आत कोसळतात आणि तळ उसळून मध्यवर्ती शिखर उभं राहतं. आलेखातला हा वाक स्वतःच्या मोजमापातून दिसतो का, एवढाच प्रश्न आहे.

पहिला टप्पा प्रमाण आणि वेळ पक्की करण्यात गेला. या टप्प्यात तीन विवरं झाली: एराटोस्थेनिस, मोस्टिंग ए आणि आर्किमिडीज. मोस्टिंग ए ने पद्धतच बदलायला लावली, म्हणून सर्वांत जास्त जागा त्याला दिली आहे.

मांडणी

आरसा २०० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, त्यावर २ पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग), कॅमेऱ्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉन. २०६.२६५ × २.९ ÷ २४०० = ०.२५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) प्रति पिक्सेल. चंद्र सरासरी अंतरावर असताना एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.४६५ किमी. पण हा आकडा पाठ करून ठेवू नये. चंद्राचं अंतर साधारण ३.५६ ते ४.०६ लाख किमी बदलतं, म्हणजे प्रमाणातही तेवढाच फरक पडतो. शिवाय चंद्र डोक्यावर असताना तो निरीक्षकाला क्षितिजावरच्यापेक्षा पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येने जवळ असतो. किमी प्रति पिक्सेल दर रात्री नव्याने काढायचा.

बार्लोवर लिहिलेले २ पटही खरे धरू नयेत. कॅमेरा बार्लोपासून थोडा लांब बसला की २.२ पट सहज होतात आणि साडेतीन किमी खोलीत साडेतीनशे मीटरचा फरक पडतो. तपासायला ताऱ्याचं सरकणं पुरतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा घ्यायचा, दुर्बीण स्थिर ठेवायची. तारा सेकंदाला १५.०४ विकला सरकतो. १९२० पिक्सेलची रुंदी ओलांडायला ३२ सेकंद लागले तर प्रमाण ०.२५ आहे, २९ लागले तर बार्लो जास्त वाढवतोय. चार वेळा मोजून सरासरी घ्यावी.

चित्रण दोन-तीन हजार फ्रेमचं, त्यातल्या उत्तम १० ते १५ टक्के ऑटोस्टॅकर्ट या संगणक प्रणालीत एकत्र. इथेच थांबायचं. वेव्हलेटने धार काढलेलं चित्र सुंदर दिसतं, पण सावलीच्या कडेला पांढरी किनार येते आणि कड एक-दोन पिक्सेल सरकते. मोजायचं चित्र आणि दाखवायचं चित्र वेगळं ठेवलेलं बरं. एक्स्पोजर असं ठेवावं की उन्हातली कड पूर्ण पांढरी होणार नाही. ती जळाली की उजेड सावलीत सांडतो आणि सावली आखूड भरते.

हिशोब

सावलीच्या पद्धतीत एक फार सोयीची गोष्ट आहे. कडेचा माथा आणि त्याच्या सावलीचं टोक यांना जोडणारी रेषा म्हणजे सूर्यकिरणच. त्यामुळे विवर चंद्रबिंबाच्या मध्यावर असो की कडेकडे, चित्रातली लांबी म्हणजे खरी लांबी × साइन(सूर्य-चंद्र कोन). विवर तिरकं दिसतंय म्हणून वेगळी दुरुस्ती लागत नाही. चित्रातली लांबी त्या साइनने भागली की किरणाची खरी लांबी, ल, मिळते.

मग माथ्यापाशी सूर्य क्षितिजाच्या किती वर आहे ते:

साइन(उंची) = साइन(अक्षांश) × साइन(सूर्याचा चांद्र अक्षांश) + कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(सूर्याचा चांद्र अक्षांश) × साइन(कोलाँजिट्यूड + पूर्व रेखांश)

कोलाँजिट्यूड म्हणजे चंद्रावर ज्या रेषेवर सूर्य उगवतोय तिचा पश्चिमेकडे मोजलेला रेखांश. पश्चिम रेखांश उणे धरायचा. सूर्याचा चांद्र अक्षांश दीड अंशाच्या वर जात नाही, म्हणून पहिली संज्ञा गाळायचा मोह होतो. गाळू नये, एराटोस्थेनिससाठी ती दीडशे मीटरपर्यंत जाते. आणि रेखांश विवराच्या मध्याचा न घेता ज्या कडेची सावली आहे त्या कडेचा घ्यायचा.

शेवटी: खोली = ल × साइन(उंची) − ल² × कोसाइन²(उंची) ÷ ३४७४. दुसरी संज्ञा चंद्राच्या गोलाईची, ३४७४ किमी हा त्याचा व्यास.

कोणती रात्र धरायची याचा अंदाज पंचांगावरून येतो. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर, आणि कोलाँजिट्यूड साधारण त्या अंतरातून ९० वजा केल्यावर मिळतो. शुक्ल नवमी संपताना अंतर १०८, म्हणजे कोलाँजिट्यूड १८ च्या आसपास. पण चंद्राच्या डुलण्यामुळे यात सात-आठ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. तिथी दुर्बीण बाहेर काढायला ठीक. हिशोबाला गणनेतून आलेला कोलाँजिट्यूडच हवा.

एराटोस्थेनिस

व्यास सुमारे ५९ किमी, १४.५ उत्तर, ११.३ पश्चिम. सकाळच्या उन्हात पूर्वेची कड सावली टाकते. त्या कडेचा रेखांश १०.३ पश्चिम. कोलाँजिट्यूड २०, सूर्याची उंची ९.४ अंश, चित्रात सावली ४५ पिक्सेल, म्हणजे २०.९ किमी. साइन ११०° = ०.९४ ने भागून ल = २२.३. गुणाकार ३.६३, गोलाई ०.१४, खोली ३.४९ किमी.

रिचर्ड पाइक यांनी १९७० च्या दशकात मोठ्या ताज्या विवरांसाठी दिलेलं सूत्र, खोली = १.०४४ × व्यासाचा ०.३०१ वा घात, ५९ किमीला ३.६ च्या जवळ येतं. जुळणी चांगली आहे.

यात नशिबाचा भाग नाही, सावलीचं टोक कुठे पडलंय याचा आहे. ते भिंतीच्या पायऱ्या ओलांडून तळावर आलं पाहिजे आणि मधल्या शिखरांपर्यंत पोहोचता कामा नये. एराटोस्थेनिसला ही खिडकी कोलाँजिट्यूड साडेअठरा ते तेवीस, म्हणजे जेमतेम नऊ तास. त्याआधी टोक शिखरावर चढतं, नंतर पायरीवर अडकतं, आणि दोन्हीकडे खोली कमी भरते.

चुकांची किंमत: एक पिक्सेल चुकला तर ८० मीटर. वेळ एक तास चुकली तर सूर्य अर्धा अंश सरकतो, जवळपास १९० मीटर. लॅपटॉपची भारतीय वेळ जागतिक वेळ समजून भरली तर साडेपाच तास, म्हणजे पावणेतीन अंश, आणि खोली थेट ४.५ किमी येते. संशयास्पद एक किलोमीटर जास्त दिसला की सर्वांत आधी घड्याळ तपासावं.

सावलीची कड कुठे धरायची? सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्याने इथे उपच्छाया (अर्धवट सावलीचा पट्टा) सव्वा किमी, म्हणजे पावणेतीन पिक्सेल रुंद पडते. उजेड निम्मा होतो तो बिंदू घ्यायचा. संपूर्ण काळोखाची सीमा घेतली तर सूर्याच्या उंचीत ०.२७ अंश मिळवायचे. दोन्ही चालतं, सरमिसळ चालत नाही.

मोस्टिंग ए

व्यास १३ किमी, बिंबाच्या मध्याजवळ, ३.२ दक्षिण, ५.२ पश्चिम. चांद्र निर्देशांक मोजताना पूर्वापार आधारबिंदू म्हणून वापरलेलं हे विवर. लागोपाठच्या दोन संध्याकाळी चित्रण झालं. कोलाँजिट्यूड १३ ला सावली २३ पिक्सेल, खोली १.५ किमी. कोलाँजिट्यूड २५ ला १५ पिक्सेल, खोली २.६ किमी. विवर एकच, पद्धत एकच, आणि एका रात्रीत अकराशे मीटरचा फरक.

कारण भूमितीत आहे. वाटीला सपाट तळ नसतो. सूर्य ८ अंशांवर असताना सावलीचं टोक मध्य ओलांडून समोरच्या भिंतीवर चढलेलं असतं, म्हणजे सूत्र कडेपासून त्या भिंतीपर्यंतचाच फरक सांगतं. टोक नेमकं वाटीच्या बुडाशी पडायला सूर्य २२ अंशांच्या आसपास हवा. मोठ्या विवरांना कमी ऊन लागतं, लहानांना जास्त. टर्मिनेटरवर (चंद्रावरच्या दिवस-रात्रीच्या सीमेवर) सगळंच खोल दिसतं, म्हणून लहान विवरंही तिथेच मोजली जातात, आणि त्यांची खोली हमखास कमी नोंदली जाते.

उपाय म्हणजे वाटी परवलयाकार धरून वेगळं सूत्र वापरणं: खोली = व्यास × टॅन(उंची) ÷ (४ × (१ − स)), इथे स म्हणजे सावलीची आडवी लांबी (ल × कोसाइन उंची) भागिले व्यास. दुसऱ्या संध्याकाळी स = ०.५६, खोली २.६६. पहिल्या संध्याकाळी स = ०.८३, खोली तीच, २.६६ च्या आसपास. दोन्ही रात्री जुळल्या ही या टप्प्यातली सर्वांत समाधानाची गोष्ट.

तरी कमी उन्हातलं मोजमाप या सूत्राने वाचलं असं समजू नये. स १ च्या जवळ गेला की भाजक छोटा होतो. पहिल्या संध्याकाळी एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर खोली २.२ ते ३.४ किमी हिंदकळते. दुसऱ्या संध्याकाळी तोच पिक्सेल आठ-नऊ टक्केच हलवतो. आलेखात दुसरी संध्याकाळच घेतली आहे: गुणोत्तर ०.२. आठ किमीपेक्षा लहान विवरं या दुर्बिणीने मोजू नयेत असं आमचं मत झालं आहे. आरशाची विभेदनक्षमता ०.६ ते ०.७ विकला, म्हणजे सव्वा किमी. तिथे मोजायला उरतच नाही.

आर्किमिडीज

हे मुद्दाम घेतलेलं नियमभंग करणारं विवर. व्यास ८० किमीच्या वर, सूत्राप्रमाणे खोली ३.९ किमी हवी, भरते त्याच्या निम्म्याच्या आसपास. मधलं शिखर दिसत नाही, तळ आरशासारखा सपाट: बेसॉल्टच्या लाव्हाने शिखरासकट सगळं बुडवलं. कड दातेरी असल्याने सावलीला सुळके येतात. प्रत्येक सुळका कडेवरच्या एकेका माथ्याचा, त्यामुळे "आर्किमिडीजची खोली" असा एक आकडा देता येत नाही. चार सुळके वेगवेगळे मोजून प्रत्येकाचा माथा चित्रात ओळखावा लागतो. एलटीव्हीटी या मोफत प्रणालीत माथा आणि टोक यांवर टिचकी मारली की उंची मिळते, सुळक्यांसाठी तेच सोपं.

आलेखावर लोणार

ताडून पाहायला बुलढाण्याचं लोणार विवरही त्याच आलेखावर टाकलं. व्यास सुमारे १.८ किमी, बेसॉल्टमध्ये झालेलं, म्हणजे चंद्राच्या मारियांशी (लाव्हाच्या काळ्या मैदानांशी) खडकाने जवळचं. पृथ्वीचं गुरुत्व चंद्राच्या सहापट, म्हणून इथे साध्या (वाटीसारख्या) आणि जटिल (पायऱ्या आणि शिखर असलेल्या) विवरांमधली सीमा २ ते ४ किमीवरच येते आणि लोणार तिच्या किंचित अलीकडे, साध्या वाट्यांत बसतं. तरी कडेपासून सरोवरापर्यंत उतार दीडशे मीटरच, गुणोत्तर ०.०८. सरोवराखाली सुमारे शंभर मीटर गाळ आणि त्याखाली आघाताने चुरडलेला खडक आहे. पावसाने जे इथे केलं ते आर्किमिडीजमध्ये लाव्हाने केलं, फक्त प्रमाण वेगळं.

पुढचं

बेसेल (१६ किमी) कोलाँजिट्यूड ३५५ ला, शुक्ल अष्टमीच्या सुमारास. वाक नेमका याच व्यासाशी अपेक्षित असल्याने हे सर्वांत निकडीचं. कोपर्निकस २५ ला, सावली तळाच्या उत्तरेकडच्या गुळगुळीत भागावर मोजायची, दक्षिणेकडे टेकाडं आहेत. टिमोकॅरिस २९ ला. पश्चिम कडांसाठी कृष्ण पक्षातल्या पहाटे लागतील. पडताळणीला एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर उभा छेद काढायचा, पण स्वतःचा आकडा वहीत लिहून झाल्यावरच.