आमची वाटचाल : कूलोमचा हिशेब

बाबांचं दुकान पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीला लागून होतं. जेमतेम आठ बाय दहाची जागा. आजूबाजूला सगळे वायर, स्विच, पंखे विकायचे. बाबा कॉलेजांच्या प्रयोगशाळेतली मीटर दुरुस्त करायचे. जूनमध्ये कॉलेजं उघडायच्या आधी रिक्षा भरभरून गॅल्व्हॅनोमीटर (बारीक विद्युतप्रवाह दाखवणारी उपकरणं) यायचे आणि आमच्या घरची जेवणाची वेळ रात्री साडेदहावर जायची.

त्यातलं बॅलिस्टिक गॅल्व्हॅनोमीटर बाबांचं सगळ्यात आवडतं. सागवानी पेटी, आत फॉस्फर ब्राँझच्या केसासारख्या पट्टीवर लटकलेलं वेटोळं, त्याला नखाएवढा आरसा. प्रभार, म्हणजे चार्ज, साठवणारा एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वेस्टन सेलवर (ठरलेला दाब देणारा प्रमाण सेल) भरायचा आणि या वेटोळ्यातून रिकामा करायचा. आरशावरून आलेला उजेडाचा ठिपका पट्टीवर झेप घेतो. पहिली झेप जेवढी लांब, तेवढा प्रभार. वेस्टन सेलचा दाब 20 अंशाला 1.0183 व्होल्ट, म्हणजे वेटोळ्यातून गेला 1.0183 मायक्रोकूलोम. कूलोम हे प्रभाराचं एकक : एक अँपिअर प्रवाह सेकंदभरात जेवढा वाहून नेतो तेवढा. "करंट वाहत राहतो, चार्ज मोजावा लागतो," असं बाबा म्हणायचे. मी आठवीत असेन, ठिपक्याचा आकडा वहीत टिपायचं काम माझं.

धंदा माझ्या हाती आला तेव्हा कॉलेजांचं काम आटलं होतं. डिजिटल मीटर बिघडलं की फेकून देतात, दुरुस्त कोण करतो? मग भोसरीच्या प्लेटिंगवाल्यांनी, म्हणजे विजेने धातूचा मुलामा देणाऱ्यांनी, आम्हाला तारलं. त्यांना अँपिअर-तास मोजणारं मीटर हवं असतं, कारण बाथमध्ये (मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीत) ब्राइटनर, म्हणजे चकाकी आणणारं रसायन, किती टाकायचा ते किती अँपिअर-तास गेले त्यावर ठरतं. एक अँपिअर-तास म्हणजे 3600 कूलोम. तेवढ्या प्रभारात चांदीच्या बाथमध्ये जॉबवर 4.025 ग्रॅम चांदी बसते, तांब्याच्या आम्ल बाथमध्ये 1.186 ग्रॅम तांबं. आम्ही मीटर बनवायला लागलो तेव्हा महागडं कॅलिब्रेटर परवडत नव्हतं. टेबलावर मोरचुदाचं आम्लयुक्त द्रावण ठेवलं, मोजून पाच अँपिअर तासभर सोडले, पत्रा धुऊन, वाळवून वजन केलं. 5.93 ग्रॅम भरलं की मीटर बरोबर. आता आमचा संदर्भ शंट, म्हणजे प्रवाह मोजायचा प्रमाण रोध, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून येतो, तरी नवीन मुलाला किंवा मुलीला मी पहिल्या आठवड्यात हा तांब्याचा प्रयोग करायला लावतेच. कूलोम हातात घेऊन पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास बसत नाही.

आणि हे काही आमचंच डोकं नाही. 1908 साली लंडनच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच अशी पक्की झाली होती : सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला 0.001118 ग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह. 1948 च्या सुरुवातीला ती व्याख्या गेली. त्या काळचा अँपिअर आजच्या 0.99985 अँपिअर इतका धरतात. प्लेटिंगवाल्याला या फरकाशी देणंघेणं नाही, पण 1948 आधीचं जुनं प्रमाण-उपकरण तपासताना हा आकडा विसरून चालत नाही.

एककांची खरी अद्दल मात्र आम्हाला एका पावडर कोटिंगच्या (प्रभारित पावडर चिकटवून रंग देण्याच्या) कामात घडली. गिऱ्हाइकाकडे परदेशी यंत्राचे जुने कागद होते, पावडरचा प्रभार त्यात दर ग्रॅमला 1500 ई.एस.यू. दिलेला. ई.एस.यू. म्हणजे स्टॅटकूलोम. एक नॅनोकूलोम म्हणजे जवळजवळ तीन स्टॅटकूलोम, तेव्हा तीनने भागायचं होतं. मी गुणलं. अर्ध्या मायक्रोकूलोमच्या जागी साडेचार लिहून गेले. तिप्पट नाही, नऊपट चूक! त्यावर मशिन लावलं गेलं आणि अख्खा लॉट परत आला. गिऱ्हाइकाचं नुकसान आम्ही भरून दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं एक वेळ ठीक, पण सर्टिफिकेटवर सही माझी होती.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही रूपांतर दोघं जण वेगवेगळं करतात, मग उत्तरावरून उलटं येऊन ताळा घेतात. एककाचं नाव अक्षरी लिहायचं. जुन्या पुस्तकांत नुसतं "अ‍ॅब्सोल्यूट युनिट" लिहिलेलं असतं. ते अ‍ॅबकूलोम असेल तर एक म्हणजे 10 कूलोम, आणि स्टॅटकूलोम असेल तर कूलोमचा तीनशे कोटींमधला एक भाग.

हा तीनचा आकडा आला कुठून, हे त्या चुकीनंतर मी शोधत बसले. स्टॅटकूलोम ठरला दोन प्रभारांमधल्या ढकलण्यावरून : निर्वातात एक सेंटिमीटरवरचे दोन सारखे प्रभार एकमेकांना एक डाइन बलाने ढकलतात, ते प्रत्येकी एक. अ‍ॅबकूलोम ठरला प्रवाहाच्या चुंबकीय परिणामावरून. दोन्हींचं गुणोत्तर 1856 मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी मोजलं. लायडन जार (प्रभार साठवणारी काचेची बरणी) भरली, तिचा प्रभार आधी स्थिरविद्युत पद्धतीने मोजला, मग ती गॅल्व्हॅनोमीटरमधून रिकामी करून सुईची झेप पाहिली. जो आकडा आला तो प्रकाशाच्या वेगाशी (सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर, हाच तो तीन) जुळत होता, आणि प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे या मॅक्सवेलच्या विचाराला त्यातून बळ मिळालं. मी ज्याला कोष्टकातला गुणक समजत होते, तो कुणीतरी बाबांच्या पेटीसारख्याच पेटीवर मोजून काढला होता. हे वाचलं तेव्हा बाबा हवे होते असं फार वाटलं.

20 मे 2019 पासून कूलोम इलेक्ट्रॉनच्या प्रभाराला बांधला गेला, 1.602176634 गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम, हा आकडा आता कायमचा ठरलेला. आमच्या मीटरांना त्याने काही फरक पडला नाही.

आज आम्ही सात जण आहोत. प्लेटिंगची मीटर हा पोटापाण्याचा धंदा, आणि शनिवारी जुनी उपकरणं. निवृत्त प्राध्यापक येतात, भंगारात निघालेली पेटी वाचवून आणणारे शिक्षक येतात. त्यांना एकच विनंती : आणण्यापूर्वी पितळी पट्टी ब्रासोने घासू नका. पट्टीवरच्या पुसट अक्षरांतच उपकरणाचा स्थिरांक (किती झेपेला किती प्रभार) कुठल्या एककात आहे ते कोरलेलं असतं, आणि ते गेलं की आम्हाला कपॅसिटर भरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.