डब्यातला षड्ज

सकाळी सहाला शेजारच्या फ्लॅटमधून प-सा-सा-सा ऐकू आलं, तरी तिथे तंबोरा असेलच असं हल्ली कुणी धरून चालत नाही. फोन असतो. बहुधा स्टीलच्या वाटीत उभा केलेला, आवाज जरा घुमावा म्हणून. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा, पहिली तार पंचम, लय मध्यम. तीनदा बोट टेकवलं की षड्ज, म्हणजे सा, हजर. गवसणी काढायला नको, खुंटी पिळायला नको, ऐन वेळी तार तुटायची धास्ती नाही.

बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. तो डबा आता फोनच्या पोटात गेलाय. गंमत म्हणजे याआधी आलेल्या यंत्राला, म्हणजे पेटीला, आपल्याकडे किती छळलं! १९४० ते १९७१ आकाशवाणीवर तिला बंदी होती. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही आणि सूर सरसकट समान अंतरावर बसवलेत, ही तिच्याविरुद्धची तक्रार. तक्रारीत तथ्यही होतं. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गांधार, म्हणजे ग, तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा चौदा भागांनी चढा असतो. डब्याविरुद्ध मात्र फारसं कुणी ब्र काढला नाही. पेटी गाण्याच्या मध्ये मध्ये बोलते, डबा गुपचूप मागे बसतो. मागे बसणाऱ्याकडे लक्ष कुणाचं असतं?

आता तंबोरा लावताना काय काय होतं ते पाहू. आधी जोडीच्या दोन तारा. पहिली षड्जावर आणायची, मग दुसरी तिच्याशी मिळवायची. जवळ आल्या की आवाज डुलायला लागतो. सेकंदाला एक लाट येत असेल, तर दोन तारांत एका कंपनाचा फरक आहे. लाट लांबत लांबत नाहीशी होते, तेव्हा दोन तारांची एक तार झालेली असते. मग खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, मग पंचम. खुंटी सरकत असेल तर खडूची भुकटी लावायची. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकते, तेव्हा जोर केला की ती भसकन पुढे जाते आणि सूर थेट पलीकडच्या गावाला. खुंटीने जमेल तितकं जमवून उरलेलं मण्यावर सोपवायचं. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखालचा मणी तारदानाकडे, म्हणजे तारा बांधलेल्या टोकाकडे, जरासा सरकवला की सूर केसभर चढतो.

एवढं होऊनही तंबोरा बोलत नाही. तारा सुरात असतात, पण कोरड्या. मग जीवा: तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवायचा सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा. घोडीचा माथा सपाट दिसला तरी किंचित उतरता असतो आणि थरथरणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते. दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे-मागे केला की एका जागी आवाज एकदम उमलतो. त्या जागेच्या अलीकडे ठस्स, पलीकडे नुसती झिणझिण. ती जागा सापडली की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गांधार वर येतो. तो ऐकू आल्याशिवाय तंबोरा लागला म्हणायचं नाही. रोजच्या वाजण्याने घोडीवर तारांच्या खाचा पडतात, जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याचा तो नेमका उतार, बसते, आणि मग मिरजेच्या कारागिराकडे जाऊन कानशीने ती पुन्हा काढून घ्यावी लागते. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातून हा धंदा तिथे उभा राहिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे अजूनही तिथे येतात, आणि मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं जातात. डबा नेमकी हीच मिनिटं वाचवतो, आणि गाणाऱ्याचा कान तयार होतो तोही याच मिनिटांत. हे लिहिताना डब्याला शिव्या घालायचा इरादा नाही. दोन खोल्यांच्या घरात, झोपलेल्या माणसांमध्ये, कानात बोंडं घालून रियाज करणाऱ्या मुलीला तंबोऱ्याचा मोठेपणा सांगणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. पण बोंडं काढली की फोनचा स्पीकर काय करतो हे तिला ठाऊक असलेलं बरं. पुरुषाच्या काळी एकमध्ये खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. तेवढा खालचा आवाज स्पीकरच्या आतल्या त्या चिमुकल्या पडद्याला पेलतच नाही. खर्जासोबत उमटणारे वरचे सूर ऐकून आपला मेंदू खर्ज मनानेच भरून काढतो. म्हणून निदान एक बरा स्पीकर जोडावा आणि तो समोर न ठेवता पाठीमागे ठेवावा. आवाज इतकाच असावा, की आपण बेसूर झालो तर आपल्याला कळेल. डबा मोठा ठेवला की सगळंच सुरेल वाटतं.

पाठीमागची ती जागा पूर्वी शिष्याची असायची. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने उरलेल्या तीन तारा, दोन-अडीच तास न थांबता. गुरूची तान मागून ऐकायची, श्वास कुठे घेतला ते पाठीच्या हालचालीवरून ओळखायचं, खूण झाली की एखादा सूर लावायचा. फुकटची शिकवणी होती ती. हल्ली मंचावर दोन तंबोरे असतात आणि त्यांच्यामागे, शालीच्या आडोशाला, डबाही चालू असतो. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, गार हवेच्या झोताने चढतात. डबा ढिम्म.

यमन संपून मालकंस घ्यायचा असेल, तर त्यात पंचम नसल्याने पंचमाची तार मध्यमावर, म्हणजे म वर, आणावी लागते. डब्यात एक बटण. तंबोऱ्यात खुंटी सैल करून तार खाली आणली, तरी ती लगेच स्थिरावत नाही, थोडा वेळ वर सरकत राहते. गायक मान तिरकी करून तारेला कान देतो, मणी सरकवतो, पुन्हा छेडतो. सभागृहात खोकले होतात, कुणी खिशातला फोन बघून घेतो. तार अजून किंचित चढीच असते.